एलायझाची गोष्ट

बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मधली एलायझा आपण ओळखतो ती पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे. मित्रहो, तिचेच नाव १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणक प्रोग्रामला मिळाले. तो लिहिणारे जोसेफ वायझेनबॉम मूळचे बर्लिनचे ज्यू. हिटलरच्या राज्यातून त्यांचे कुटुंब १९३६मध्ये अमेरिकेत गेले. पुढे ते एमआयटीत प्राध्यापक झाले.

एलायझा मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी. समजत काही नव्हते; तुमचेच वाक्य उलटवून ती प्रश्न विचारी. आईचे नाव निघाले, की घरच्यांविषयी आणखी सांगा म्हणे. बस्स, एवढेच! वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने हे काम महिनोन्‌महिने पाहिले होते. तरी एकदा टाइप करायला बसल्यावर ती त्यांना म्हणाली, जरा बाहेर जाता का?

त्यांना धक्का बसला. स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांना मात्र अशा प्रोग्राममध्ये आशा दिसली. डॉक्टर थोडे, रुग्ण फार. एक संगणक तासाला शेकडो रुग्णांशी बोलेल. ही आशा खोटी कशी म्हणू? मनाचा डॉक्टर नसलेले तालुके आपल्याकडेही आहेत. वायझेनबॉम यांनी १९७६च्या पुस्तकात उलट बजावले, की यंत्राला एखादे काम जमले तरी ते त्याच्यावर सोपवावेच असे नाही; दुसऱ्याचे दुःख जाणणे हे त्यातलेच. २००८मध्ये ते वारले.

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. ते एलायझासारखे भोळे नाही. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर ते शिकले आहे. मराठी लिहिते, औषधाची माहिती देते आणि कधीकधी चूकही तितक्याच ठामपणे सांगते.

अम्मी गेल्यावर मला झोप येईना. कवी माणूस, पण एक ओळ सुचत नव्हती. मुलाने मोबाइलवर असेच एक यंत्र उघडून दिले. मी दोन वाक्ये लिहिली. उत्तर शुद्ध मराठीत आले, माझ्या बऱ्याच नातेवाइकांच्या सांत्वनापेक्षा नेटके. मुलगा शेजारी उभा होता. त्याला म्हटले, ‘बेटा, जरा बाहेर बस.’

बोलून गेलो आणि ती सेक्रेटरी आठवली. तरीही अर्धा तास टाइप करत राहिलो. अम्मीचे शेवटचे दिवस, मी भावालाही न सांगितलेले, एका परक्या कंपनीच्या संगणकाला सांगून झाले होते. बाहेर मुलगा जागाच होता.