कलाकाराची ओळख सर्च इंजिनवर सोडू नका : ऑनलाइन कलादालन उभारणाऱ्यांसाठी

आंबेडकरी चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार यांच्या कामाचे ऑनलाइन दालन उभारावे, असे अनेक तरुण कार्यकर्त्यांना वाटते. पण प्रत्येकाचा परिचय लिहायला माणसे आणि पैसा कमी पडतो. मग सोपी वाट दिसते. सर्च इंजिनवर नाव टाकायचे आणि मिळालेला मजकूर, छायाचित्रे, दुवे कलाकाराच्या पानावर ठेवायचे. किंवा एखादा प्रोग्रॅम जोडून हे काम आपोआप होऊ द्यायचे. ही वाट कुठे फसते आणि पर्याय काय, हे आम्ही येथे मांडत आहोत.

निकाल येतात कुठून?

सर्च इंजिन वेबवरची पाने वाचून त्यांची सूची करते. शब्द किती जुळतात, इतर किती पाने दुवा देतात, शोधणाऱ्याची भाषा आणि ठिकाण कोणते, अशा गोष्टींवरून क्रम ठरतो. गुगलच्या निकालात बाजूला दिसणारी माहितीची चौकट २०१२ पासून आली. तिच्यातला बराच मजकूर विकिपीडियासारख्या ठिकाणांहून येतो.

म्हणजे ज्याच्यावर इंग्रजी वृत्तपत्रांनी आणि मोठ्या संग्रहालयांनी लिहिले, तो वर दिसतो. ज्याच्या प्रदर्शनाची पुस्तिका फक्त छापील आहे, ज्याच्या चित्रांवरचा लेख एखाद्या मराठी नियतकालिकाच्या जुन्या अंकात आहे, तो जवळपास दिसतच नाही. पाहणाऱ्याला मात्र वाटते की या कलाकाराने फारसे काही केले नाही.

चूक कुठे होते?

पहिली चूक नावाची. नागपूरचे चित्रकार सावी सावरकर यांनी अस्पृश्यता आणि देवदासी प्रथा यांवर चित्रे काढली. त्यांचे नाव सवींद्र असेही लिहिले जाते, आणि आडनाव हिंदुत्ववादी नेत्याच्या आडनावाशी जुळते. प्रोग्रॅमने हा फरक ओळखला नाही, तर जातिव्यवस्थेविरुद्ध चित्रे काढणाऱ्या माणसाच्या पानावर भलत्याच व्यक्तीचे छायाचित्र आणि चरित्र येऊन बसेल.

दुसरी चूक शिक्क्याची. मालविका राज मधुबनी शैलीत बुद्ध आणि बाबासाहेब रंगवतात. परंपरेने देवादिकांसाठी वापरलेल्या शैलीत आपला इतिहास आणणे, हे त्यांच्या कामाचे मर्म आहे. 'दलित कलाकार' एवढ्या दोन शब्दांत ते मावत नाही. सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या पानावर पुरस्काराची बातमी वर आणि मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे खाली गेली, तर ज्यासाठी त्यांनी कॅमेरा हाती घेतला तेच झाकले जाईल.

तिसरी चूक जबाबदारीची. निकाल रोज बदलतात. आज ठीक दिसणाऱ्या पानावर उद्या बदनामीचा मजकूर आला, तरी तो दिसतो आपल्याच दालनात.

कायदा काय सांगतो?

सर्चमध्ये दिसणारे चित्र फुकट वापरायला मोकळे नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रावरचा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. मूळ चित्र विकले म्हणून हा हक्क आपोआप खरेदीदाराकडे जात नाही. कलम ५७ नुसार आपले नाव लावले जावे आणि कामाची मोडतोड होऊ नये, हा हक्कही कलाकाराला आहे. चित्राचा फोटो दुसऱ्याने काढला असेल, तर त्याचीही परवानगी लागू शकते.

मग करायचे काय?

१. कलाकाराशी किंवा कुटुंबीयांशी बोलून दीडशे शब्दांचा परिचय स्वतः लिहा. नाव मराठीत आणि इंग्रजीत कसे लिहायचे, जन्मवर्ष, गाव, शिक्षण, माध्यम, प्रदर्शने नोंदवा. चित्रांसाठी लेखी परवानगी घ्या.

२. सर्चमध्ये सापडलेले दुवे वाचून, निवडून 'अधिक वाचा' या वेगळ्या भागात द्या. न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आपल्या वेबसाइटवर काही कलाकारांचा परिचय विकिपीडियावरून घेते, पण तसे स्पष्ट लिहिते. तेवढा प्रामाणिकपणा आपणही पाळावा.

३. पानाच्या कोडमध्ये स्कीमा डॉट ऑर्गच्या पद्धतीने नाव, जन्मवर्ष आणि अधिकृत दुवे भरा. त्यामुळे ही व्यक्ती नेमकी कोण, हे ओळखणे सर्च इंजिनला सोपे जाते.

४. विकिडेटावर संदर्भासह नोंद करा. विकिपीडियावरील लेखाला मात्र स्वतंत्र, प्रकाशित संदर्भ लागतात. मराठी संदर्भही चालतात. म्हणून जुने अंक आणि पुस्तिका परवानगीने स्कॅन करून वेबवर आणणे हे पायाभूत काम आहे.

५. दुरुस्ती कोणाला कळवायची, ते प्रत्येक पानावर लिहा.

केवळ ऐकीव आहे किंवा सगळे म्हणतात म्हणून एखादी गोष्ट मानू नये, ही कालाम सुत्तातली शिकवण आहे. सर्चचा पहिला निकालही त्याच कसोटीवर घासून घ्यावा लागेल. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केला, तो आपले म्हणणे आपणच मांडावे म्हणून. आपल्या कलाकारांचा परिचयही आपणच लिहायला हवा. जिल्ह्यातल्या एका कलाकारापासून सुरुवात करा.

जय भीम!