दर्यापूर, बनोसा आणि जिनाची जागा

दर्यापूर हे नाव ऐकलं की बाहेरच्या माणसाला समुद्र आठवतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. जवळ आहे ती चंद्रभागा, आणि तिला दर्या म्हणायला कवीही धजावणार नाही. हा दर्या माणूस आहे. वऱ्हाडच्या इमादशाहीतला दर्या इमादशाह, सोळाव्या शतकाच्या मध्यावर एलिचपूरहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून राज्य करणारा. गाव त्याच्या नावानं वसलं असं परंपरेनं सांगतात. या घराण्याचा मूळ पुरुष फतहुल्लाह इमादुल्मुल्क हा जन्मानं विजयनगरकडचा हिंदू होता, असं फरिश्ता लिहून गेला आहे. आजकाल नावांवरून भांडणाऱ्यांना ही माहिती दोन्ही बाजूंनी अडचणीची ठरते.

पण नगरपरिषदेचं नाव नुसतं दर्यापूर नाही, ‘दर्यापूर बनोसा’ आहे. आणि शकुंतलेच्या मार्गावरचं इथलं स्टेशन ‘दर्यापूर’ नव्हे, ‘बनोसा’. गावात घर घ्यायला निघालेल्या माणसाला आज जे प्रश्न पडतात, त्यातले बरेचसे या दुसऱ्या नावाच्या इतिहासात दडलेले आहेत.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. अकोला-बडनेऱ्यावरून जाणारी मोठी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. दर्यापूर मात्र या रुळांच्या बाजूला पडलं. इथला कापूस बैलगाड्यांनी मूर्तिजापूरला जायचा. पुढे किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आणली. मूर्तिजापूर ते अचलपूर हा तिचा फाटा १९१३ च्या सुमारास सुरू झाला. तीच आपली शकुंतला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनवलेलं वाफेचं इंजिन ती १९९४ पर्यंत ओढत राहिली.

कच्चा कापूस वॅगनीत भरला तर जागा खातो आणि वजन भरत नाही. म्हणून सरकी इथेच काढायची, रुई दाबून गठाणी बांधायच्या आणि मग गाडीत चढवायच्या. पूर्वी सरकी काढायचं काम बाया घरी हातानं करत. यंत्राचे जीन आल्यावर ते काम घरातून उठलं आणि बाया जिनात मजुरीला गेल्या. जीन लागायचा स्टेशनजवळ, पण वस्तीपासून लांब. कारण साधं होतं: कापसाला एक ठिणगी पुरते आणि गावातली घरं लाकडा-कुडाची. वऱ्हाडात जिथे जिथे जीन-प्रेस उभे राहिले तिथे हीच रचना दिसते. जुनं गाव एकीकडे, आणि रुळाच्या बाजूला टिनाच्या लांब शेडा, धुराडं, सरकीचे ढीग.

जिनाचं काम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. कुणी रोज येऊन-जाऊन करायचे, कुणी तिथेच राहायचे. आधी खोपटी, मग विटांच्या खोल्या. त्यात भूमिहीन मजूर होते, पुढे १९५६ नंतर बौद्ध झालेली कुटुंबं होती, मुसलमान हमाल आणि गाडीवान होते. आणि पिंजारी होते. त्यांचा धंदा यंत्रानं लगेच संपवला नाही. रुई पिंजून गाद्या-रजया भरायला धुनकी लागतच होती, आणि रुई जिथे स्वस्त मिळते तिथे पिंजाऱ्याचं घर. आज मन्सुरी आडनाव लावणाऱ्या अनेक घरांत आजोबांची धुनकी माळ्यावर पडलेली सापडेल. मुस्लिम इतिहास म्हटलं की आपण किल्ले आणि दर्गे मोजतो, जिनाची शेड कुणी मोजत नाही.

स्वातंत्र्यानंतर जिनांना एक लांबलचक आधार मिळाला तो कापूस एकाधिकार योजनेचा. १९७१ चा कायदा, १९७२ पासून खरेदी. राज्यात सगळा कापूस पणन महासंघानं घ्यायचा आणि तो जिनांत सरकी काढायला द्यायचा. जीन खाजगी असो की सहकारी, हंगामाला काम नक्की. गाड्यांच्या रांगा दोन-दोन दिवस लागत, शेतकरी चुकाऱ्यासाठी शिव्या देत, पण शेडीतली यंत्रं फिरत राहायची. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापार खुला झाला. त्याच काळात मोठमोठे नवे कारखाने हायवेच्या कडेला आले, जिथे कापूस आपोआप यंत्रात जातो आणि ट्रक थेट दारात लागतो. गावातले जुने जीन मागे पडले. सहकारी संस्था कर्जात गेल्या, काहींवर अवसायक बसले. तोवर गाव वाढून जिनाला चिकटलं होतं. यंत्रापेक्षा जमीन महाग झाली होती.

आणि आता तिथे प्लॉट पडतात.

घेणारे कोण? जुन्या मोहल्ल्यातलं वडिलोपार्जित घर चार भावांत वाटून दीड-दीड खोली उरलेले. मास्तर, ड्रायव्हर, आखातातून पैसे पाठवणारा धाकटा. काही जण अमरावती-अकोल्यात घर बघून आलेले असतात आणि नाव सांगितल्यावर ‘प्लॉट बुक झाला’ हे उत्तर ऐकून परतलेले असतात. आपल्या गावात, ओळखीच्या शेजारात चार पैसे जास्त देणं त्यांना परवडतं. यात चूक काही नाही. फक्त जमीन कसली आहे हे आधी वाचायला हवं.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानत: पांढरी आणि काळी. पांढरीवर घरं, काळीत शेत. हा नुसता रिवाज नव्हता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. जीन आणि नवे लेआउट पांढरी सोडून काळीत गेले. दोन उन्हाळ्यांत भिंतीला तिरपी चीर पडली की आपण मिस्त्रीला धारेवर धरतो. मिस्त्रीचा दोष असेलही, पण पाया मातीप्रमाणे घेतलेला नसतो. दुसरं पाणी. दर्यापूर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. बोअरचं खारं पाणी पिता येत नाही, पण तेच काँक्रीटला वापरलं जातं आणि आतली सळई गंजते. शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं ते पिण्यासाठी. बांधकामाला गोडं पाणी कुठून आणायचं, हा हिशेब प्लॉटच्या किमतीतच धरावा.

कागदाचं प्रकरण याहून खोल. विदर्भात शहराच्या हद्दीतली बरीच जमीन नझूल, म्हणजे सरकारची, पट्ट्यानं दिलेली. जिनाची जागा अशी असेल तर मालक म्हणवणारा पट्टेदार असतो, आणि त्याला विकायचं तर सरकारी परवानगी लागते. सातबारा नव्हे, आखीव पत्रिका मागा. पट्ट्याची मुदत बघा. जागा खाजगी असली तर अकृषक परवानगी औद्योगिक वापराची आहे की राहण्याची, ते बघा. संस्था अवसायनात गेली असेल तर बँकेचा बोजा आणि कामगारांची देणी फिटली का, ते विचारा. आणि विकणारं घर मुसलमानाचं असेल तर हेही विचारा की फेरफारात बहिणींची नावं कुठे आहेत. शरीयतनं मुलीला हिस्सा दिला, तलाठ्याच्या वहीत मात्र भावांचीच नावं चढली, अशी प्रकरणं वऱ्हाडात कमी नाहीत. तोंडी हिबा कायद्याला मान्य आहे, पण देणाऱ्यानं जाहीर केलं, घेणाऱ्यानं स्वीकारलं आणि ताबा दिला, या तिन्ही गोष्टी वीस वर्षांनी कोर्टात दाखवाव्या लागतात. बहिणीची सही खरेदीखतावर आज घेणं सोपं आहे.

राहिले खोल्यांतले लोक. सरकारी जमिनीवरची जुनी घरं नियमित करण्याचे निर्णय शासनानं वेळोवेळी काढले. जिनाच्या खाजगी आवारातल्या मजुराला ते लागू होत नाहीत. तो मालकाच्या परवानगीनं राहिला, म्हणून पन्नास वर्षं राहूनही ‘कब्जा विरोधी होता’ असं त्याला म्हणता येत नाही. लेआउटच्या नकाशात त्याच्या खोलीवरून नऊ मीटरचा रस्ता जातो. काही ठिकाणी मालक थोडी रक्कम देऊन खोली रिकामी करून घेतो, काही ठिकाणी कोपऱ्यातला लहान प्लॉट देतो. दुसरा मार्ग निघतो तो बहुतेक वेळा घेणाऱ्यांनी विचारल्यामुळे. इसार देण्याआधी त्या खोलीत कोण राहतं, आणि त्याच्याशी लेखी काय ठरलं आहे, हे विचारायला वकील लागत नाही.