परळची तांबडी गोळी

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे माझी आजी म्हणे. मला ती बोलण्याची एक रीत वाटे. पुढे मुंबईत झालेल्या एका संशोधनाची हकीकत वाचनात आली, तेव्हा त्या शब्दांचे वजन कळले.

ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई 1928 साली मुंबईस आल्या. बाळंतपणात बायका का दगावतात, याची चौकशी तेव्हा चालली होती आणि मार्गारेट बालफोर यांनी त्यांना बोलावून घेतले होते. गरीब घरांतल्या गरोदर स्त्रियांना एक विलक्षण रक्तक्षय होई. चेहरा पांढराफटक पडे, जिन्याच्या दोन पायऱ्यांत धाप लागे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत.

परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू झाले. संशोधन म्हटले की आपल्यापुढे एकटा शास्त्रज्ञ आणि त्याची काचनळी उभी राहते. येथे तसे नव्हते. विल्सबाईंच्या निबंधांवर त्यांच्या शेजारी मेहता, तळपदे, बिलिमोरिया अशी नावे आहेत. तळपदे यांच्या जोडीने त्यांनी मुंबईतल्या बायकांचे खाणेपिणे आणि राहणी तपासली. संशय जंतूंवरून उठून ताटावर आला. उंदरांवरचे पहिले प्रयोग फसवे निघाले, म्हणून माकडांना तसाच निकस आहार देऊन पाहिला. अखेर यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, गुणकारी ठरला. रोगी बायका झपाट्याने सुधारल्या. 1931 साली हे प्रसिद्ध झाले.

त्या अर्कातले द्रव्य कोणते, हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. 1941 साली पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि लॅटिनमधल्या पानावरून त्याचे नाव फोलिक आम्ल पडले. विल्सबाईंचे गुणकारी द्रव्य ते हेच. पुढे त्याचा दुसरा उपयोग पारखायला तर सात देशांतली 33 केंद्रे एकत्र आली. आधीच्या मुलाच्या मेंदूत वा कण्यात जन्मतः दोष असलेल्या स्त्रियांना त्यांनी गर्भधारणेपूर्वीपासून हे आम्ल दिले. तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले, असे 1991 साली जाहीर झाले.

आपल्याकडे 1970 सालापासून गरोदर बायकांना लोह आणि फोलिक आम्ल यांची गोळी देण्याची सरकारी योजना आहे. माझी सून ती घेताना तोंड वाकडे करी. मी तिला परळची गोष्ट सांगितली. ती हसली, पण गोळी गिळली.

तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळलाच. परळच्या मंडळींनी बोट ठेवले होते ते ताटावर. आपण गोळी उचलली. ताट मात्र अजून पुरते भरलेले नाही. ज्या बायकांच्या रक्तावर हे सारे शिकलो, त्यांची नावेसुद्धा कोठे उरली नाहीत. त्यांचे देणे फेडायचे तर ताटापासूनच सुरुवात करावी लागेल.