तरंगत्या ठाण्यावरील दिवस

या गावात इतिहासावर बोलायला उभा राहणारा माणूस संग्रामदुर्गापासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. 1660 साली फिरंगोजी नरसाळा यांनी या भुईकोटातून शाइस्तेखानाच्या अफाट फौजेला ऐन पावसाळ्यात छप्पन्न दिवस रोखून धरले. सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा किल्ला गेला. खानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली. इतके चाकणच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु त्या छप्पन्न दिवसांत आतली माणसे काय खात होती, ओल्या भिंतीला टेकून कोण केव्हा झोपत होते, पहाऱ्याची पाळी कशी बदलत होती, हे आपण सहसा विचारीत नाही.

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. शाळेचा लाभ आम्हाला थोडाच झाला; जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, सभा संपल्यावर, दिव्याखाली बसून. त्यामुळे इतिहास वाचताना आमची नजर आधी स्वयंपाकघराकडे आणि पाळीच्या तक्त्याकडे जाते. आज याच नजरेने आम्ही दुसऱ्या एका ठाण्याकडे पाहणार आहो. ते पाण्यावर तरंगणारे होते, आणि त्याला तट, बुरूज काहीच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी 1942 साली ब्रह्मदेश घेतला. बंगालच्या उपसागराला लागून असलेला त्याचा आराकानचा किनारा ज्याने कोकणातील खाड्या पाहिल्या आहेत त्याला सहज डोळ्यांपुढे आणता येईल. समुद्रातून आत शिरावे, की खाडीला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे. दोन्ही काठांना तिवरांचे बन, आणि ओहोटी लागली की गुडघाभर चिखल. तिकडे या फाट्यांना चौंग म्हणतात. रस्ते जवळजवळ नव्हतेच. म्हणून जपानी आपला तांदूळ आणि दारूगोळा रात्रीच्या अंधारात लहान होड्यांतून या चौंगांमधून नेत. त्या होड्या अडवणे, काठावर उतरणाऱ्या फौजेला तोफांचा आधार देणे, ही कामे ज्या आरमाराकडे आली, त्यात त्या वेळच्या रॉयल इंडियन नेव्हीचा, म्हणजे आपल्याच माणसांचा मोठा वाटा होता.

हे नौदल 1939 साली चिमुकले होते. 2,000 च्या आत माणसे. युद्ध संपताना ती 25,000 वर गेली होती. आधीच्या खलाशांत रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान आणि पंजाबी मुसलमान यांचा भरणा होता. युद्धात मात्र सर्व प्रांतांतून, सर्व धर्मांची, बरीच शिकलेली पोरे भरती झाली. कोणी देश पाहायला आला, कोणी घरच्या दारिद्र्यातून सुटायला. बंदरातून निघताना नौकांवर नावे होती आपल्या नद्यांची : नर्मदा, जमना, गोदावरी, कृष्णा, कावेरी, सतलज.

नर्मदा आणि जमना या नौकांना स्लूप म्हणत. लांबी सुमारे 300 फूट, चार इंची तोफा सहा, आणि माणसे दोनशेच्या आसपास. चौंगांच्या आतल्या टापूत गस्त घालायला त्याहून लहान अशा मोटार लाँचा होत्या : 112 फुटी लाकडी सांगाडा, त्यात दीडएक डझन माणसे, आणि पायांखाली पेट्रोलच्या टाक्या. ठाणे म्हणायचे ते यांनाच. माणसांचे घर, कोठार, तोफखाना आणि तुरुंग, सारे एकाच लाकडालोखंडात.

दिवसाची वाटणी पाळ्यांनी होई. आपल्याकडे चोवीस तासांच्या तीन पाळ्या होतात. आरमारात सात होतात. चार चार तासांच्या पाच, आणि संध्याकाळी चार ते आठच्या दोन तुकड्या करून दोन दोन तासांच्या दोन. सात कशाला, तर पाळ्यांची संख्या विषम असली की रोजचा क्रम आपोआप सरकतो आणि मध्यरात्र ते चारची पाळी रोज एकाच माणसाच्या माथी बसत नाही. आमच्या कारखान्यांत रातपाळी बदलून मिळावी यासाठी ज्यांनी अर्ज लिहिले आहेत, त्यांना या साध्या युक्तीचे मोल कळेल. परंतु पाळी संपली तरी माणूस कुठे जाणार? फाटकाबाहेर चहाची टपरी नाही, घर नाही. झोपायला झोळी, तीही शेजाऱ्याच्या झोळीला खेटून. दिवसभर उन्हाने तापलेले लोखंड रात्री आत उष्णता सोडी. प्रकाश बाहेर दिसू नये म्हणून झडपा बंद, म्हणजे वारा नाही. चहूकडे पाणी, पण प्यायला आणि अंग धुवायला मोजके. डासांचा सुळसुळाट, आणि हिवतापावर रोज मेपाक्रीनची गोळी; तिने अंगाची कातडी पिवळी पडे.

लाँचांचे काम तर रात्रीचेच. दिवसा फांद्या आणि जाळ्या पांघरून तिवरांत दडायचे. रात्री एंजिन बंद करून भरतीच्या पाण्यावर कान लावून बसायचे. वल्ह्याचा आवाज आला तर तो कोळ्याचा की शत्रूचा, हे क्षणात ठरवायचे. कित्येक रात्री काहीच येत नसे. नुसते जागणे हेच काम. काठावरून एखादी तोफ डागली गेली, तर पेट्रोलने भरलेल्या त्या लाकडी पेटीचे काय होईल, हे प्रत्येकाला ठाऊक असे.

जानेवारी 1945 मध्ये या कामाला फळ आले. 12 तारखेला म्येबोन येथे आणि 22 तारखेला कांगॉ येथे फौजा उतरवण्यात आल्या. नर्मदा आणि जमना यांच्या तोफांनी त्यांना आधार दिला. कांगॉच्या लढाईत पायदळाच्या एका ब्रिगेडमध्ये तीन पलटणींचे प्रमुख हिंदी होते : थिमय्या, सेन आणि आपले कोल्हापूरकडील थोरात, पुढे जे लेफ्टनंट जनरल झाले. तिघांनाही डी.एस.ओ. हे पदक मिळाले. ते योग्यच होते. पण खाली एंजिनघरात घामाने निथळणाऱ्या खलाशाला काय मिळाले, हा आमचा प्रश्न आहे.

त्याला मिळाली खडे असलेली डाळ. ब्रिटिश नौदलातील गोऱ्या खलाशाला पगार जास्त, जेवण बरे, वागणूक माणसाची. हिंदी खलाशाला त्याच धोक्यात कमी पगार आणि वर शिव्या. लढाई चालू होती तोवर हे गिळले गेले. लढाई संपली, आणि हीच माणसे मुंबईला परतली, तेव्हा नोकरीतून मोकळे कधी होणार आणि पुढे खाणार काय, याची चिंता भेडसावू लागली. वर आपले सैन्य इंडोनेशियात तिथल्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरले जात होते. आझाद हिंद सेनेचे खटले चालू होते.

18 फेब्रुवारी 1946 रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहनाच्या शिक्षणकेंद्रात खलाशांनी जेवण नाकारले. दुसऱ्या दिवशी बंदरातील नौका संपात आल्या; आराकानातून परतलेल्या नर्मदा आणि जमना त्यांत होत्या. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदनसिंग उपाध्यक्ष अशी संप समिती निवडली गेली. मागण्यांच्या यादीत चांगले जेवण आणि समान वेतन होते, आझाद हिंद सैनिकांची सुटका होती, आणि इंडोनेशियातून सैन्य परत आणण्याची मागणीही होती. 21 तारखेला कॅसल बराकीत गोळीबार झाला. मुंबईची माणसे जेवणाचे डबे घेऊन गेटवेवर गेली. ज्यांनी अन्नावरून संप केला, त्यांना शहराने अन्न पोचवले. 22 तारखेला गिरणगाव बंद पडले. रस्त्यांवर गोळ्या चालल्या, शेकडो माणसे मेली. परळला कमल दोंदे यांचा त्यांत बळी गेला. 23 तारखेला सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून खलाशांनी संप मागे घेतला. सूड घेतला जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करील, असे त्यांना सांगितले गेले होते. तरीही अटका झाल्या, शेकडो जण काढले गेले, आणि स्वराज्य आल्यावरही त्यांना परत घेतले गेले नाही. स्वातंत्र्यसैनिकांत त्यांची गणना व्हायला बरीच वर्षे लागली. फाळणीत नौकाही वाटल्या गेल्या. नर्मदा पाकिस्तानात गेली आणि तिचे नाव झेलम झाले.

या संपाची कारणे शोधायला न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आजही दोन पक्ष भांडतात. एक म्हणतो, तो जेवणाचा तंटा होता. दुसरा म्हणतो, ते स्वातंत्र्याचे बंड होते. आम्हाला हा वाद खोटा वाटतो, आणि तो का वाटतो हे सांगण्यासाठी आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी या पट्ट्यातील एका कारखान्यात आम्ही वेतनकराराच्या वाटाघाटी करीत होतो. आठ-दहा पोरे आमच्याकडे आली. म्हणाली, ‘दादा, कँटीनच्या डाळीत किडे निघतात, आणि तक्रार केली की साहेब म्हणतो, घरी काय तूप खाता काय?’ आम्ही म्हणालो, ‘अरे, करार होऊ दे. डाळीचे नंतर बघू.’ तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीने ताटे पालथी घातली आणि यंत्रे बंद केली. आम्हाला बातमी फाटकावर कळली. पाच पोरांच्या नोकऱ्या गेल्या. आम्ही त्यांच्याबरोबर वेळेवर उभे असतो, तर त्या वाचल्या असत्या. त्या पोरांना डाळीपेक्षा साहेबाचे वाक्य अधिक लागले होते, आणि आम्ही फक्त डाळ ऐकली.

नौसैनिकांचेही तेच झाले. आराकानच्या चिखलात जो माणूस रात्रभर कान देऊन बसला, त्याने बरोबरीचे काम करून दाखवले होते. मग बरोबरीचे ताट का नाही, हा प्रश्न त्याच्या मनात त्या झोळीत, त्या कोंदट हवेत, पाळीमागून पाळी शिजत गेला. ताटाचा प्रश्न आणि देशाचा प्रश्न त्याच्यापुरते एकच होते.

श्रोतेहो, कुलाब्याला त्या नाविकांचे स्मारक आहे. मुंबईला गेलात तर अवश्य पाहा. परंतु त्याआधी, उद्या सकाळी पहिल्या पाळीला जाताना, शेजारचा माणूस जेवणाविषयी काही कुरकुरला, तर ते पुरते ऐकून घ्या. आम्ही ऐकले नव्हते.