साष्टीच्या यादीतलं दहिसर

‘जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या ५३व्या खंडात, १९५५ साली, एच. सांतापाव आणि ए. जे. रांदेरिया यांचा एक लेख आहे. विषय: मुंबईजवळ बोरिवली इथल्या कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यानाचं वनस्पतिशास्त्रीय अन्वेषण. पंधरा-सोळा पानांचा, कोरडा, लॅटिन नावांनी भरलेला मजकूर. दहिसर पूर्वेच्या डोंगरात सत्तर वर्षांपूर्वी काय उगवत होतं हे ज्याला शोधायचं आहे, त्याने सुरुवात इथून करावी. पण या लेखाकडे जाताना दोन गोष्टी आधी ध्यानात घ्याव्या लागतात. एक, तेव्हा दहिसर मुंबईत नव्हतं. १९५० साली बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली. दहिसर-मुलुंडपर्यंत ती सरकली १९५७ साली. दुसरी, ज्याला आपण आज ‘नॅशनल पार्क’ म्हणतो ते तेव्हाचं कृष्णगिरी नव्हे.

हा दुसरा मुद्दा जरा तपशिलात सांगतो, कारण पुढचे बरेच गोंधळ इथून निघतात. १९५०च्या मुंबई राष्ट्रीय उद्यान कायद्याखाली जे कृष्णगिरी उद्यान झालं ते कान्हेरी लेण्यांच्या परिसरातलं, सुमारे २० चौरस किलोमीटरचं होतं. नंतर त्यात आजूबाजूचं राखीव जंगल आणि तुळशी-विहार तलावांचा पाणलोट आला, नाव आधी बोरिवली आणि मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यान झालं, आणि क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटरवर गेलं. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाने या उद्यानाची ‘फ्लोरा’ २००५ साली प्रसिद्ध केली. लेखक प्रधान, शर्मा आणि सिंग. आता १९५५ची यादी आणि २००५ची यादी शेजारी ठेवून ‘पन्नास वर्षांत इतक्या जाती वाढल्या’ म्हणणं म्हणजे एका खोलीचं सामान आणि अख्ख्या वाड्याचं सामान मोजून घर भरभराटीला आलं म्हणण्यासारखं आहे. वाढ झाली ती बरीचशी जमिनीच्या मोजमापात. उलट एखादं झाड जुन्या यादीत आहे आणि नव्या यादीत नाही, तर ती मात्र लक्ष देण्यासारखी गोष्ट. मोठ्या चाळणीतूनही जे सापडलं नाही, त्याचा शोध आधी घ्यायला हवा.

त्याआधीच्या कागदांत दहिसर हे गाव नावानिशी शोधत बसण्यात अर्थ नाही. शोधायचं ते ‘साष्टी’, ‘कान्हेरी’, ‘ठाणे जिल्हा’ आणि सगळ्यात मोठं, सगळ्यात निरुपयोगी असं ‘कोकण’. थिओडोर कुक यांनी ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ या काळात लंडनमध्ये छापला, तेव्हा मुलखाचे विभाग पाडले ते कोकण, दख्खन, गुजरात, दक्षिण महाराष्ट्र, कानडा, सिंध असे. तुळशीकडून निघून श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा करत मनोरीच्या खाडीला मिळणारी दहिसर नदी या हिशेबात कोकणात जमा. साष्टी (इंग्रजी कागदांतलं ‘साल्सेट’) म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं बेट हे मुंबई इलाख्याच्या पुस्तकांत गृहीत असतं. गोव्यातही एक साष्टी आहे, तेव्हा पोर्तुगीज काळातले कागद हाताळताना तेवढी खातरजमा करून घ्यावी.

कुकच्या ग्रंथात वाचायची खरी गोष्ट असते ठिकाणाच्या ओळीत. तिथे गोळा करणाऱ्याचं नाव येतं आणि नावापुढे उद्गारचिन्ह. त्याचा अर्थ: हा नमुना मी स्वतः पाहिला आहे. चिन्ह नसेल तर दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेली नोंद. छापील ग्रंथात पुराव्याची प्रत इतक्या थोडक्या जागेत सांगणारी खूण मला दुसरी माहीत नाही. या ओळींत स्टॉक्स, लॉ, डाल्झेल, वुड्रो अशी साहेबांची आडनावं येतात, कानिटकर येतात, आणि मधूनच नुसता ‘भिवा’ येतो. आडनाव नाही. बाकी सारे आडनावाने आणि हा एकटाच पाळण्यातल्या नावाने, यावरून तो हाताखालचा, नोकरीत असलेला झाडं गोळा करणारा माणूस असावा असं मी धरतो. पण उद्गारचिन्ह त्याच्या नावापुढेही आहे. म्हणजे त्याने आणलेली फांदी कुकने हातात घेऊन पाहिली होती.

याहून मागे गेलं की जॉन ग्रॅहमची ‘कॅटलॉग’ भेटते: मुंबई आणि आसपासच्या झाडांची यादी, १८३९, मुंबईच्या सरकारी छापखान्यात छापलेली. ग्रॅहम पोस्ट खात्यात डेप्युटी पोस्टमास्तर जनरल. शिवडीच्या अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेशी त्याचा संबंध. त्या बागेच्या जागी पुढे गोऱ्यांची दफनभूमी झाली. पुस्तक छापून पूर्ण व्हायच्या आत, मे १८३९मध्ये, तो खंडाळ्याला वारला आणि उरलेलं काम जोसेफ निम्मोने तडीला नेलं. एरिनोकार्पस निम्मोनी हे सह्याद्रीतलं पिवळ्या फुलांचं, काटेरी फळांचं छोटं झाड या निम्मोचं नाव आजही चालवतं. पण यादी वाचताना दोन हातांची गोष्ट विसरू नये: पुस्तकाच्या पुढच्या आणि मागच्या भागातल्या नोंदींना एकाच माणसाची साक्ष म्हणून उद्धृत करणं धोक्याचं आहे.

१८६१चं डाल्झेल आणि गिब्सन यांचं ‘बॉम्बे फ्लोरा’ मी इथे झटकन ओलांडतो, पण एक गोष्ट सांगून. अलेक्झांडर गिब्सन दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता आणि १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच्यानंतर ते पद डाल्झेलकडे आलं. म्हणजे झाडांना नावं देणारे आणि जंगल कुणी किती तोडावं हे ठरवणारे इथे एकच होते. संरक्षण ही अलीकडची कल्पना आणि वर्गीकरण हे जुनं, निरुपद्रवी शास्त्र, असा जो समज असतो तो या कागदांपुढे टिकत नाही. सागाचा हिशेब ठेवणाऱ्या हातांनीच गवताची नोंद केली. त्या संरक्षणाची झळ पाड्यांवरच्या वारल्यांना आणि मल्हार कोळ्यांना लागली, हेही त्याच खात्याच्या कामाचं अंग. आणि गंमत म्हणजे, या ग्रंथांत मराठी नावं म्हणून जी छापली जातात, ती सांगणारी माणसं बहुतेक याच पाड्यांवरची असणार. कारवी, कुडा, काकड, शेवळं: नाव पुस्तकात आलं, सांगणाऱ्याचं आलं नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर दहिसर-बोरिवलीच्या बाजारात आदिवासी बायका जांभळट शेवळांच्या जुड्या मांडून बसतात आणि घशाला खाज येऊ नये म्हणून सोबत काकडं देतात. शास्त्रज्ञांच्या कागदात शेवळं अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस म्हणून एका कुळात आणि काकड गरुगा पिनाटा म्हणून दुसऱ्या, दूरच्या कुळात. या दोघांचं एकत्र असणं फक्त जुडीत नोंदलेलं आहे.

आता खाडीकडे. स्वित्झर्लंडहून आलेला जेझुइट एथेलबर्ट ब्लाटर मुंबईत १९०३ साली उतरला आणि दोनच वर्षांनी, १९०५ साली, नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या त्याच जर्नलच्या १६व्या खंडात त्याचा ‘मुंबई इलाख्यातलं खारफुटीचं रान आणि त्याचं जीवशास्त्र’ अशा अर्थाचा लेख आला. सेंट झेवियर्स कॉलेजातला शुष्क वनस्पतींचा संग्रह त्यानेच उभा केला. आजही तो ब्लाटर हर्बेरियम म्हणूनच ओळखला जातो. पुढे १९५१ साली बी. एस. नवलकर यांनी मुंबई आणि साष्टी बेटांवरच्या खारफुटीत कोणती जात कोणामागून येते, यावर लेख लिहिला. हे दोन लेख वाचणाऱ्याने तिवराच्या नावाशी सावध असावं. एके काळी मुंबईची तिवर अॅव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस म्हणून लिहिली गेली, नवलकरांच्या पिढीत अॅव्हिसेनिया आल्बा, आणि आता आपल्या काठावर जी सर्रास दिसते तिला अॅव्हिसेनिया मरीना म्हणतात. नावांच्या रकान्यावरून हिशेब करणारा म्हणेल की एक जात गेली, दुसरी आली, तीही गेली. चिखलात मात्र तेच झाड, तीच वर डोकावणारी श्वसनमुळं. असा निवाडा छापील कागदावर होत नाही, त्याला मूळ नमुना लागतो.

नमुना म्हणजे काय, तर साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा जाड कागद. त्यावर टिपकागदात दाबून वाळवलेली फांदी, पान पालथं-उताणं दोन्ही दिसेल अशी. फूल, जमलं तर फळ. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. जुन्या कागदांना किडीपासून वाचवायला पाऱ्याच्या क्षाराचं विष चोपडत, म्हणून ते आजही जपून हाताळतात. सगळं शास्त्र त्या चिठ्ठीवर उभं असतं. ‘साल्सेट, पावसाळा’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीला दहिसरचा पुरावा म्हणता येत नाही आणि दहिसरविरुद्धचाही नाही.

रांदेरिया यांच्याबाबतीत पुढचा धागा सापडतो, आणि तो मला या सगळ्या कागदांतला सर्वांत आवडता आहे. कृष्णगिरीनंतर पाच वर्षांनी, १९६० साली, त्यांनी ‘ब्लूमिया’ या प्रजातीचा जगभरचा आढावा प्रसिद्ध केला. तो आला हॉलंडमधल्या लायडनहून निघणाऱ्या, नेमक्या ‘ब्लूमिया’ याच नावाच्या नियतकालिकात, १०व्या खंडात, शंभराहून अधिक पानांचा. ब्लूमिया म्हणजे निमुर्डी, भांबुर्डा वगैरे नावांनी आपण ओळखतो ती उग्र वासाची, हिवाळ्यात पडीक रानात फुलणारी झुडपं, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पानांच्या लवेवरून, फुलातल्या बारीक केसांवरून जाती वेगळ्या करायच्या, किचकट काम. सांतापाव तोवर मुंबईतून गेले होते. १९५४ साली ते नव्याने उभ्या राहणाऱ्या बोटॅनिकल सर्व्हेत मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून गेले आणि १९६१पासून १९६७पर्यंत त्या संस्थेचे संचालक होते. स्पेनमध्ये जन्मलेल्या या जेझुइटाने १९५० साली भारताचं नागरिकत्व घेतलं होतं. कृष्णगिरीचा लेख त्यांच्या मुंबईतल्या अध्यापनपर्वाच्या अगदी शेवटाचा, असं तारखांवरून दिसतं.

बुरशीची गोष्ट वेगळी आणि थोडी अन्यायाची. झाडांची यादी फुलांच्या प्रेमापोटी झाली, बुरशीची झाली पिकांच्या नुकसानीपोटी. उप्पल, पटेल आणि कामत यांचं ‘द फंजाय ऑफ बॉम्बे’ १९३५ साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने काढलं. पिकावर येणारा तांबेरा, काणी, भुरी यांना त्यात मानाचं स्थान मिळणं स्वाभाविक होतं. जंगलातल्या सडक्या ओंडक्यावर वाढणारं छत्र, वारुळावर उगवणारी अळंबी यांची फिर्याद घेऊन खात्याकडे कोण जाणार? या तिघांतले माधव कामत पुढे पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आले आणि तिथे कवकशास्त्राची परंपरा उभी राहिली. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली स्थापलेली ही संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. वाळवलेल्या बुरशींचा आजरेकर संग्रह आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. १९८७ साली भिडे, पांडे, साठे, राव आणि पटवर्धन यांनी ‘फंजाय ऑफ महाराष्ट्र’ तिथूनच दिलं. दहिसरच्या रानाला या मालिकेत जागा मिळाली ती महाराष्ट्राच्या पोटात, जशी झाडांना आधी कोकणाच्या पोटात मिळाली होती.

अलीकडचे कागद कोर्टाचे आहेत. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५मध्ये खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली, सप्टेंबर २०१८मध्ये अंतिम निकाल दिला. मधे २०१२ साली राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. सरकारी जमिनीवरची खारफुटी गावनिहाय, सर्व्हे क्रमांकानिशी वन म्हणून अधिसूचित होऊ लागली. इथे गावाचं नाव कागदात शेवटी आलं, पण झाडाचं गेलं. उपग्रहाच्या नकाशावर हेक्टर कळतात. तिवर, चिपी, कांदळ, हुरा यांची सरमिसळ कळत नाही. ब्लाटरच्या १९०५च्या लेखात जाती आहेत, गाव नाही. दोन्ही एकाच कागदावर यायला अजूनही कुणीतरी ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरावंच लागतं.

शेवटी कारवीचा एक हिशेब. उद्यानातली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. अलीकडचे बहर २००८, २०१६ आणि २०२४चे. हाच क्रम न चुकता मागे नेला तर १९५२ येतं. कारवी फुलली की बी धरून मरते, आणि तिच्या दाटीखाली दबलेल्या जमिनीवर पुढची दोन-तीन वर्षं ऊन पडतं. म्हणजे सांतापाव आणि रांदेरिया यांचा लेख छापला गेला तेव्हा उतारांवर मेलेल्या काठ्यांमधून गुडघाभर उंचीची नवी कारवी उभी असावी, आणि एरवी न दिसणाऱ्या लहान झुडपांना, गवतांना त्या काळात मोकळं रान मिळालं असावं. १९५५च्या यादीतल्या काही बारीकसारीक जाती नंतर कुणाला दिसल्या नसतील, तर त्या गेल्या म्हणण्यापूर्वी हा हिशेब पाहायला हवा. अर्थात हे अनुमान आहे; कारवी सगळ्या टेकड्यांवर एकाच वर्षी फुलते असं नाही, एखादा उतार वर्षभर मागे-पुढे होतो. तपासायची सोय मात्र आहे. २०२४चा बहर सरून गेला आहे, मेलेल्या कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी पाड्यांवर गेल्या असतील, आणि २०२७च्या पावसाळ्यानंतर त्याच उतारांवर कुणी वही घेऊन फिरलं तर १९५५च्या यादीशी ताडून पाहता येईल अशी यादी हाती लागेल.