लक्षण आणि साक्ष : अमेरिकेतील शालेय फुटबॉलमधील मेंदूच्या हादऱ्याचा इतिहास

वैद्यकशास्त्रात चिन्ह आणि लक्षण ह्यांत भेद करण्याची पद्धत आहे. तपासणाऱ्यास जे स्वतः पाहता अथवा मोजता येते ते चिन्ह. रुग्णाने सांगितल्यावाचून जे कळत नाही ते लक्षण. मोडलेले हाड चिन्हाने प्रकट होते. डोक्यास अथवा शरीरास जोराचा धक्का बसून मेंदूला जो हादरा बसतो, ज्यास ‘कन्कशन’ म्हणतात, तो मात्र बहुतांशी लक्षणांवरूनच ओळखावा लागतो. डोके दुखणे, भोवळ येणे, मळमळणे, उजेड सहन न होणे, विचार मंदावणे, नुकत्याच घडलेल्या गोष्टीचे विस्मरण होणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. शुद्ध हरपणे हे ठळक चिन्ह खरे. पण बहुसंख्य प्रसंगी ते आढळत नाही. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या फुटबॉलमध्ये ह्या दुखापतीची दीर्घकाळ उपेक्षा झाली. तिचे कारण केवळ अज्ञान नव्हते. दुखावलेल्या मुलाच्या साक्षीवरच सर्व व्यवस्था विसंबून राहिली, हे तिचे खरे कारण होय, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा, पायाने चेंडू खेळण्याचा खेळ नव्हे. चेंडू हाती धरून पुढे नेणे आणि प्रतिपक्षाने तो नेणाऱ्यास अंगावर झेप घेऊन पाडणे, हे त्याचे मुख्य अंग आहे. शरीराशी शरीराची टक्कर हा त्यात अपघात नसून नियमच होय. १९०५ च्या हंगामात ह्या खेळात सुमारे १८ मृत्यू झाल्याचे वृत्तपत्रांनी नोंदविले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी त्याच वर्षी ९ ऑक्टोबर रोजी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ह्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. १९०६ साली खेळाचे नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकण्यास मुभा मिळाली.

त्याच वर्षी एडवर्ड निकल्स आणि होमर स्मिथ ह्या वैद्यांनी हार्वर्डच्या संघातील दुखापतींचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एका हंगामातील १४५ दुखापतींपैकी १९ मेंदूच्या हादऱ्याच्या होत्या. हादरा बसलेला खेळाडू यंत्रवत् खेळत राहतो, त्याची अवस्था सोबत्यांच्याही ध्यानी उशिरा येते, आणि खेळाडू ही दुखापत क्षुल्लक मानून तिच्यावर विनोद करतात, असे त्यांनी नमूद केले. म्हणजे पुढे ज्या दोन अडचणी वारंवार आढळून आल्या, त्या दोन्ही ह्या वृत्तान्तात आहेत : साक्षीदार कधी साक्ष देण्यास असमर्थ असतो, तर कधी ती देऊ इच्छीत नाही.

ज्ञानाची वाण पुढेही नव्हती. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या १९३३ च्या वैद्यकीय पुस्तिकेत, लक्षणे जाऊन ४८ तास लोटल्यावाचून खेळाडूस मैदानावर उतरवू नये, आणि ती ४८ तासांहून अधिक टिकल्यास २१ दिवस वा त्याहून जास्त काळ खेळू देऊ नये, असा सल्ला होता. १९५२ साली हार्वर्डचे शल्यवैद्य ऑगस्टस थॉर्नडाइक ह्यांनी तीन वेळा हादरा बसलेल्याने टकरीचा खेळ कायमचा सोडावा, असे सुचविले. परंतु हे सारे सल्ले होते; ते मोडल्यास जाब विचारणारे कोणी नव्हते. शिवाय लक्षणे गेली की नाहीत, हे शेवटी खेळाडूसच विचारावे लागे.

ह्याउलट जे डोळ्यांना दिसत होते, त्याच्या निवारणास यश आले. कठीण प्लास्टिकचे शिरस्त्राण आणि चेहऱ्यावरील जाळी रूढ झाल्यावर डोकेच शस्त्राप्रमाणे वापरण्याची सवय वाढली. १९६८ साली खेळातील आघातांनी ३६ मृत्यू झाले. त्यांत बहुतेक माध्यमिक शाळांतील मुले होती. १९७६ साली डोके पुढे करून धडक देण्यास नियमाने बंदी झाली आणि १९८० पासून शालेय खेळाडूंस प्रमाणित शिरस्त्राण सक्तीचे झाले. १९९० साली अशा आघाताने एकही मृत्यू झाला नाही. ही सुधारणा मोठी खरी. तथापि शिरस्त्राण कवटी वाचविते. कवटीच्या आत मेंदूचे हलणे त्यास थांबविता येत नाही. मृत्यूची संख्या घटली म्हणून हादरेही घटले, असे अनुमान काढता येत नव्हते.

१९८४ साली साँडर्स व हार्बो ह्यांच्या लेखाने दुसऱ्या आघाताचा धोका पुढे आला. पहिल्या हादऱ्याची लक्षणे शिल्लक असता दुसरा धक्का, तो सौम्य असला तरी, मेंदूस प्राणघातक सूज आणू शकतो, असे त्यात प्रतिपादिले होते. हा प्रकार विरळा असून त्याच्या स्वरूपाविषयी वाद आहेत. पण वर्णिलेले बहुतेक रुग्ण तरुण वा किशोरवयीन होते. मौनाची किंमत किती असू शकते, हे त्यामुळे उघड झाले.

ह्या मौनाचे मोजमाप २००४ साली झाले. मायकेल मॅक्रे व सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी परिसरातल्या १,५३२ शालेय खेळाडूंस हंगामाच्या अखेरीस प्रश्न विचारले. १५.३ टक्क्यांनी त्या हंगामात हादरा बसल्याचे सांगितले. पण त्यांतील ४७.३ टक्क्यांनीच तो त्यावेळी कोणास कळविला होता. दुखापत सांगण्याइतकी गंभीर वाटली नाही, हे ६६.४ टक्क्यांनी दिलेले कारण होते; ४१ टक्क्यांस खेळाबाहेर बसावयाचे नव्हते; आणि ३६.१ टक्क्यांस आपणास हादरा बसला हेच उमगले नव्हते. निकल्स व स्मिथ ह्यांनी जे ९८ वर्षांपूर्वी पाहिले होते, तेच येथे आकड्यांत उतरले.

२००६ साली वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांचा एक मुलगा डोक्यास मार बसूनही त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि सामन्यानंतर कोसळला. मेंदूतील रक्तस्रावामुळे त्याच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. तो वाचला, पण कायमचा अधू झाला. ह्या घटनेतून २००९ चा राज्य कायदा निर्माण झाला. पालक व खेळाडू ह्यांनी दरवर्षी माहितीपत्रकावर सही करावी. हादऱ्याचा नुसता संशय आला तरी मुलास खेळातून काढावे. आणि अधिकृत वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी अनुमतीवाचून त्यास परत घेऊ नये, अशी त्यातील तीन कलमे होत. २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांत ह्या स्वरूपाचे कायदे झाले.

ह्या कायद्याचे ऐतिहासिक महत्त्व कोणत्या वैद्यकीय शोधात नाही. १९३३ च्या पुस्तिकेहून त्यातील वैद्यक फारसे पुढचे नाही. निर्णयाचा भार त्याने मुलाच्या खांद्यावरून काढून प्रौढांवर ठेविला, हे त्याचे महत्त्व होय. कायद्यांनंतर शालेय खेळांत नोंदलेल्या हादऱ्यांची संख्या वाढली. तिचा अर्थ लावताना अभ्यासकाने दुखापती वाढल्या की साक्षी वाढल्या, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. आजही सुमारे दहा लक्ष मुले हा खेळ शाळेत खेळतात. संशय कोणास यावा लागतो, आणि तो येण्यासाठी अनेकदा मुलाने बोलावे लागते. तेवढा भार अद्याप त्याच्याकडेच आहे.