उबियाली, कार्लो

(२२ सप्टेंबर १९२९ – २ जून २०२०). इटलीचे मोटारसायकल शर्यतपटू. १२५ आणि २५० सी.सी. गटांत मिळून नऊ वेळा जगज्जेते. जन्म बेर्गामो येथे. घरी मोटारसायकलींचा व्यवसाय होता.

रस्त्यावरील मोटारसायकल शर्यतींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९४९ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी उबियाली एमव्ही अगुस्ताच्या गाडीवर तीत उतरले. पुढच्या वर्षी ते मोंदियाल संघात गेले व १९५१ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, १२५ सी.सी.चे जगज्जेते झाले. १९५३ मध्ये ते एमव्हीकडे परतले. १२५ सी.सी.ची पुढील विजेतेपदे १९५५, १९५६, १९५८, १९५९ व १९६० ची. यांपैकी १९५६, १९५९ व १९६० या वर्षी २५० सी.सी.चे विजेतेपदही त्यांचेच होते.

आज पुणे-भोर रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक स्कूटरींचे इंजिन ११० ते १२५ सी.सी.चे असते. एवढ्याच आकाराच्या इंजिनावर शर्यत जिंकायची, तर नुसत्या ताकदीवर भागत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा, त्याचा वेग आणि वळणे जोखायची आणि शेवटच्या फेरीत पुढे निघायचे, ही उबियालींची पद्धत होती. आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत त्यांनी पाचदा जिंकली. पहिले चार विजय छोट्या क्लिप्स मार्गावरचे. १९६० चा मात्र सुमारे ६० किमी. फेरीच्या डोंगरी मार्गावरचा. घरांच्या भिंती आणि दगडी कुंपणे यांच्यामधून जाणारे ते सार्वजनिक रस्ते होते. त्या दशकात दारिओ अंब्रोसिनी (१९५१) व रुपर्ट होलाउस (१९५४) हे जगज्जेते सरावातच प्राण गमावून बसले. अशा काळात ३९ ग्रां प्री जिंकूनही उबियालींना कधी गंभीर अपघात झाला नाही. त्यांचे मोठेपण प्रथम इथे मोजले पाहिजे. ५०० सी.सी. गटात त्यांची कारकीर्द नसल्याने त्यांचे नाव पुष्कळदा मागे पडते. हा अन्याय आहे.

सप्टेंबर १९६० मध्ये मोंत्सा येथे एकाच दिवशी दोन्ही गटांत जिंकून, ३१व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी ही दोन्ही विजेतेपदे होंडाने जपानला नेली. त्यांच्या नऊ विजेतेपदांचा इटालियन विक्रम पुढे जाकोमो अगोस्तिनी यांनी मोडला. तेही बेर्गामो परिसरातील लोवेरे गावात वाढलेले.